परिक्रमेच्या नावाखाली : इंदूरच्या एका घरातलं प्रकरण

पार्श्वभूमी

मी इंदूरमध्ये कौटुंबिक समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणारी बहुतेक भांडणं नवराबायकोची किंवा वाटणीची असतात. हे प्रकरण त्यांतलं नव्हतं, आणि त्यात माझंही चुकलं, म्हणून ते सगळं लिहून काढते आहे. मुलीचं नाव मीनल असं धरू. नाव आणि काही तपशील बदलले आहेत. लिहिण्याला तिची आणि तिच्या आईवडिलांची संमती आहे.

मीनल पहिल्यांदा आली ती २०२२च्या फेब्रुवारीत. वय ३२, एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम, नोकरीला साडेचार वर्षं होत आलेली. घर सुदामा नगरात. वडील बँकेतून निवृत्त, आई गृहिणी, थोरला भाऊ लग्न होऊन पुण्यात. पणजोबा होळकरांच्या चाकरीत होते, त्यामुळे घराणं चार पिढ्यांचं इंदुरी. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, रविवारी सकाळी पोहे-जिलबी. गणेशोत्सवात वडील मंडळाचा हिशोब सांभाळणार, आत्या रामबागेतून येऊन आरतीचं ताट धरणार. चांगली, एकमेकांना धरून राहणारी माणसं.

वडिलांनी डिसेंबरात मीनलसाठी दोन खोल्यांच्या फ्लॅटचे दोन लाख भरून ठेवले होते. बाकीची रक्कम कर्जाने उभी करायची आणि कर्ज मुख्यतः तिच्या पगारावर, असं ठरलं होतं. लग्न झालं तर जावई-मुलगी राहतील, नाही झालं तर म्हातारपणी तिच्या डोक्यावर छप्पर राहील. वडिलांच्या दृष्टीने ही माया होती, आणि ती खरीच माया होती.

प्रश्न

मीनलला नोकरी सोडून फिरायचं होतं. आठ दिवसांची सहल नव्हे, वर्षानुवर्षं. एखाद्या गावी महिना-दोन महिने राहायचं, जमेल ते काम करायचं, मग पुढे जायचं. हिशोबाची वही घेऊनच ती आली होती. साडेसात लाख शिल्लक, महिन्याला १८ ते २० हजार खर्च, आणि बाहेरून मिळू शकणारी टेस्टिंगची छोटी कामं.

"ताई, घरी हे कोणत्या शब्दात सांगू तेवढं सांगा," ती म्हणाली.

शब्दाची अडचण खरीच होती. मुलगा वर्षभर फिरून आला तर तो 'अनुभव घेऊन आला' म्हणतात. बाई फिरते म्हटलं की शब्द लगेच वाकडा होतो. 'भटकभवानी' आपल्याकडे बाईलाच म्हणतात. आत्याने तर ऐकायच्या आधीच निकाल दिला होता : "फिरायचंय ना? मग फिरणारा नवरा बघू."

शब्दामागे आणखी एक गोष्ट होती, ती मला फार उशिरा कळली. भाऊ पुण्यात निर्धास्त होता, कारण बहीण इंदूरला होती. आईच्या गुडघ्याचे डॉक्टर, वडिलांच्या हयातीच्या दाखल्याची नोव्हेंबरातली फेरी, गॅसचा नंबर, सगळं मीनलकडे. तिने स्थिरावावं अशी सगळ्यांची इच्छा होती, पण तिच्या स्थिर राहण्यावर बाकीच्यांचे किती बेत उभे आहेत हे त्या घरात कधी कोणी बोललं नव्हतं.

समोर असलेले पर्याय

सुट्ट्या साठवून वर्षातून दोनदा फिरायचं, हे ती गेली काही वर्षं करतच होती. कंपनीकडे कायमचं घरून काम मागून पाहिलं होतं. उत्तर आलं की आठवड्यातून तीन दिवस हजेरी लागेल. आत्याच्या फिरणाऱ्या नवऱ्याचा पर्याय आम्ही बाजूला ठेवला, कारण लग्न नको असं मीनल म्हणतच नव्हती. फिरण्याची परवानगी मिळावी म्हणून लग्न करायला ती तयार नव्हती.

चौथा पर्याय सरळ सांगून निघायचं. याची तिला भीती वाटत होती. वडिलांचा रक्तदाब, आईचं रडणं, आणि तिच्या शब्दांत, "बाबा बोलायचंच बंद करतील."

पाचवा तिनेच काढला : नर्मदा परिक्रमा.

इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. ओंकारेश्वर इथून ऐंशीएक किलोमीटरवर. नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. नदी सतत उजव्या हाताला ठेवून, ती कुठेही न ओलांडता, दोन्ही काठांनी चालायचं. म्हणजे २६०० किलोमीटरच्या वरच, आणि धरणांच्या फुगवट्यांना वळसे घालताना ते अंतर आणखी वाढतं. परंपरेने परिक्रमा तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवसांची. हल्ली बरेच जण पाच-सहा महिन्यांत पुरी करतात. बाईमाणूस एकटी चालत निघाली तर चार प्रश्न येतील, पण तीच परिक्रमेला निघाली तर लोक पाया पडतील.

मीनलचा बेत असा : घरी परिक्रमा म्हणून सांगायचं, कंपनीने सहा महिन्यांची बिनपगारी रजा दिली म्हणायचं, प्रत्यक्षात राजीनामा द्यायचा. परिक्रमा झाल्यावर पुढचं हळूहळू सांगायचं.

मी तिला अडवलं नाही. उलट म्हणाले, "एक पायरी चढून तर बघ, पुढची नंतर बघू." तिला घरातून निघायला वाट मिळते आहे, घरच्यांनाही सवय होईल, असं मला वाटलं. मी तेव्हा तिचीच बाजू पाहत होते.

काय केलं

पैशाच्या बाजूचं काम आम्ही चोख केलं, ते सांगते, कारण अशा निर्णयात बरेच जण इथेच घसरतात. नोकरीची पाच वर्षं सप्टेंबरात पुरी होत होती आणि ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेचा, हक्क पाच वर्षांच्या सलग नोकरीनंतर येतो, म्हणून तिने सात महिने थांबायचं ठरवलं. त्या सात महिन्यांचे तिला साधारण एक लाख मिळाले. भविष्य निर्वाह निधीला हात लावला नाही. तिच्या वयाला नोकरी सुटली तरी त्या खात्यावर व्याज चालू राहतं. कंपनीच्या गटविम्यात आईवडील होते, ते कवच राजीनाम्याबरोबर जाणार होतं. म्हणून चार महिने आधीच तिघांचा वेगळा विमा घेतला. नव्या विम्यात आधीपासूनच्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो (तेव्हा कमाल ४८ महिने, २०२४पासून ३६), आणि आईचे गुडघे तर कधीचे दुखत होते. त्या शस्त्रक्रियेसाठी तीन लाखांची मुदत ठेव बाजूला काढली. वडिलांना याचं कारण सांगितलं : "रजेवर असताना कंपनीचा विमा चालत नाही."

एक खोटं सांगितलं की त्याला सांभाळायला दुसरं लागतं, हे तिथे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

जूनमध्ये फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं. मीनलने सहअर्जदार म्हणून सही केली. आदल्या दिवशी तिचा मला फोन आला होता : "सही करू का?" मी म्हणाले, नाही म्हणालीस तर आत्ताच सगळं बाहेर येईल. पगाराच्या पावत्या जोडलेल्या, हप्ता २१ हजार, आणि तीन महिन्यांनी राजीनामा देणार हे त्या खोलीत एकट्या तिलाच माहीत. रेरा या घरबांधणी व्यवहारांच्या कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि करारनामा अजून व्हायचा होता. त्या दिवसापर्यंत पाय मागे घेणं स्वस्त होतं. आम्ही ते घेतले नाहीत.

४ नोव्हेंबर २०२२ला कार्तिकी एकादशी झाली आणि त्याच आठवड्यात ती ओंकारेश्वरच्या दक्षिण काठावरून निघाली. चातुर्मासात परिक्रमावासी चालत नाहीत. तो संपला की वाटा पुन्हा भरतात.

निघण्याच्या आदल्या रात्री आई तिच्या परकराला आतून खिसा शिवत बसली होती. जाड सुती कापडाचा, तोंडाला दोन टिचबटणं. हे मला नंतर आईंनीच सांगितलं. त्यांचं माहेर बडवाहचं, नर्मदेजवळचं. लहानपणी दारात 'नर्मदे हर' ऐकू आलं की त्यांची आई डाळ-तांदूळ आणि चिमूटभर मीठ काढून ठेवायची, आणि तो शिधा परिक्रमावासींच्या झोळीत टाकायचं काम यांचं. शिवता शिवता मान वर न करता त्यांनी मीनलला विचारलं होतं : "तुला नर्मदेसाठी चालायचंय, की चालायचं म्हणून नर्मदा?"

मीनल गप्प राहिली. आईंनी दोरा तोडला आणि दुसरं टिचबटण लावलं.

वाटेत काय झालं

वाटेचं वर्णन हा इथला विषय नाही, पण एक गोष्ट निर्णयाशी जोडलेली आहे. शूलपाणीच्या झाडीत, मग गुजरातेत, रोज कोणीतरी तिला 'माताराम' म्हणून पानावर बसवत होतं. स्वतःच्या घरात चार भाकऱ्यांचं पीठ, त्यातल्या दोन हिला. तिसऱ्या आठवड्यात तिचा फोन आला, "ताई, मी यांना फसवतेय." परत ये, असं मी म्हटलं नाही, तिनेच मार्ग काढला. ज्या श्रद्धेने लोक वाढतात त्या श्रद्धेचे नियम तरी पुरते पाळायचे. संग्रह करायचा नाही, नदी ओलांडायची नाही, सोबतच्या बाटलीतल्या नर्मदाजलाची रोज पूजा करायची. नदी समुद्राला मिळते तिथे कठपोरच्या बाजूने नावेतून समुद्रमार्गे पलीकडच्या काठाला, मिठी तलाईला गेली (हे नदी ओलांडणं धरत नाहीत), गरुडेश्वरला वासुदेवानंद सरस्वतींच्या समाधीपाशी दोन दिवस राहिली, महेश्वरला अहिल्याबाईंच्या घाटावर वडील भेटायला आले तेव्हा त्यांच्याही पाया पडली. वडिलांनी तिथे काढलेला फोटो मंडळाच्या गटात टाकला. इतका अभिमान त्यांनी तिच्या पहिल्या पगाराचाही मिरवला नव्हता.

एप्रिल २०२३मध्ये ती अमरकंटकहून दक्षिण काठाने ओंकारेश्वरला परतली. परिक्रमा खोटी राहिली नव्हती, असं ती आजही म्हणते आणि मी ते मानते. घरी सांगितलेलं मात्र खोटंच होतं.

स्फोट

मे महिन्यात घरी मावंदं झालं. नऊ कुमारिका जेवल्या, पुरणपोळ्या, साठेक माणसं. ओंकारेश्वरला जल अर्पण करून त्यातलं थोडं घरी आणलेलं, ती बाटली देव्हाऱ्यात. पंगत उठत असताना आत्याने पर्समधून एक पाकीट काढलं. देवासचं स्थळ, मुलगा वीज मंडळात. "आता तर पुण्यही गाठीला आहे."

वडिलांनी हसत विचारलं, "रुजू कधी व्हायचंय?"

मीनलने तिथेच सांगितलं. राजीनामा सप्टेंबरातच दिलाय, ऑक्टोबरात पुन्हा निघणार आहे, यावेळी परतायची तारीख नाही.

वडील बँकेतले. त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले. "म्हणजे जूनमध्ये कर्जाच्या कागदावर सही करताना तुला माहीत होतं." एवढंच बोलले आणि हात धुवायला उठले. रात्री मात्र म्हणाले, "माझ्याशी खोटं बोलायचं तर बोलायचंस. नर्मदेच्या नावाने का बोललीस?" त्यानंतर दीड महिना ते तिच्याशी बोलले नाहीत. रोज पूजेत त्या बाटलीला फूल वाहत होते, आणि मुलगी शेजारून गेली तरी मान वर करत नव्हते.

दुसरी फेरी

जुलै ते सप्टेंबरात मी सगळ्यांना बसवलं. पहिल्या बैठकीत मीनलच्या परवानगीने मी वडिलांना सांगितलं की राजीनाम्याचं आणि सहीचं मला आधीपासून माहीत होतं. त्यांनी हात जोडले, उठले आणि गेले. तीन आठवडे आले नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

दुसऱ्या बैठकीत भाऊ पुण्याहून व्हिडिओवर होता. बोलता बोलता म्हणाला, "अगं, तू आहेस म्हणून तर मी इथे निश्चिंत आहे." खोलीत कोणी काही बोललं नाही. मग त्याच्याच लक्षात आलं, काय बोलून गेलो ते. माझ्या मते प्रकरण तिथे वळलं. आईवडिलांचं पाहणं हे मीनलचं काम आहे असं कधी ठरलंच नव्हतं. ते आपोआप तिच्या अंगावर आलं होतं, कारण ती अविवाहित होती आणि घरात होती.

वडिलांना परतीची तारीख हवी होती. मीनल ती देईना. दोघंही हट्टी. तेव्हा तोवर कोपऱ्यात गुडघा चोळत बसलेल्या आई बोलल्या. "परिक्रमावासीसुद्धा चातुर्मासात एका जागी थांबतात. हिने चातुर्मास घरी करावा."

आषाढी ते कार्तिकी, चार महिने घरी. बाकी आठ महिने तिचे. मीनलने लगेच होकार दिला. पावसाळ्यात फिरणं तसंही कठीण. वडिलांनी होकार दिला नाही, पण विरोधही केला नाही. आम्ही एक कागद केला. फ्लॅट ताब्यात आला की भाड्याने द्यायचा; भाडं आणि हप्ता यांतला फरक मीनल भरेल, तिला एखाद्या महिन्यात जमलं नाही तर भाऊ. नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आणि डॉक्टरांच्या तारखा भाऊ पाहील. नवीन गावी पोचल्यावर तिने पत्ता आणि घरमालकाचा नंबर आईला कळवायचा. लग्नाचा विषय तिने काढल्याशिवाय कोणी काढायचा नाही. यावर आत्याची सही नाही, त्या तयार झाल्या नाहीत.

पुढे काय झालं

ऑक्टोबरचा बेत मागे पडला. २०२३ची कार्तिकी २३ नोव्हेंबरला होती, ती घरी करून मीनल आसामला गेली. माजुलीत दोन महिने, मग मेघालय, मग अरुणाचल. गोड गोड चित्र उभं करायची माझी इच्छा नाही. माजुलीत चार दिवस तापाने एकटी पडून होती. एका लॉजमध्ये मालक रात्री दार वाजवत राहिला. दाराला खुर्ची आणि पिशवी लावून ती पहाटेपर्यंत जागी बसली. हे तिने आईला सांगितलं, वडिलांना नाही. बाहेरचं एक काम सुटलं तेव्हा दोन महिन्यांचा फरक भावाने भरला आणि वहिनीला ते आवडलं नाही. फ्लॅटचं भाडं ११ हजार येतं, म्हणजे दर महिन्याला दहा हजारांचं ओझं आहेच.

वडील फोन वाजला की आईंकडे द्यायचे. मार्चमध्ये एकदा आई पाठीमागे कुकर उतरवत होत्या, म्हणून त्यांनी उचलला. मीनलने सांगितलं, अरुणाचलला चाललेय, तिथे आपल्याच देशातल्या माणसालाही इनर लाइन परमिट लागतं. जरा वेळ काहीच आवाज नाही. मग त्यांनी विचारलं, "किती तारखेपर्यंत आहे?" तिने सांगितलं. "मुदत संपायच्या आधी बाहेर पड," म्हणाले, आणि फोन आईंकडे दिला.

२०२४ची आषाढी १७ जुलैला होती. मीनल दहा दिवस उशिरा आली आणि त्यावरून बोलणी खाल्ली. आईंची गुडघ्याची शस्त्रक्रिया मुद्दाम चातुर्मासातच ठरवली, ऑक्टोबरमध्ये. पहिले पंधरा दिवस भाऊ रजा घेऊन आला. पैसे बाजूला ठेवलेल्या मुदत ठेवीतूनच गेले, कारण विम्याचा प्रतीक्षाकाळ संपलेला नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

आईंचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. तुला नर्मदेसाठी चालायचंय की चालायचं म्हणून नर्मदा, हे विचारलं असतं तर मीनल तेव्हाही गप्प राहिली असती, आणि ती शांतता मला पुरे झाली असती.

कर्जाच्या सहीबाबत तर माझ्याकडे सबबच नाही. आडोसा घेऊन निघणं एकवेळ समजू शकते; पण त्या आडोशाखाली दुसऱ्याच्या नावावर वीस वर्षांचं देणं चढत असेल तर समुपदेशकाने तिथे थांबवायलाच हवं. तिचं गुपित मी वडिलांना सांगू शकत नव्हते. पण "सही केलीस तर मी यापुढे या बेतात नाही" इतकं तिला सांगू शकत होते. त्या आठवड्यात तिने घरी तोंड उघडलं असतं तर दोन लाखांतले काही गेले असते, एवढंच.

भावाला मी दीड वर्ष उशिरा बोलावलं. आणि आईंना तर घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं. नदीकाठच्या घरात वाढलेली, शेकडो चालती माणसं दारात पाहिलेली बाई त्या घरात होती, आणि आम्ही सगळे वडिलांना कसं पटवायचं यावर डोकं चालवत होतो. सगळी बाजू पहिल्यापासून त्यांच्या हाती दिली असती तर परिक्रमेचा आडोसा लागलाच नसता असं मला वाटतं. मीनलला तसं वाटत नाही. ती म्हणते, परिक्रमा केली नसती तर आईला चातुर्मास सुचला नसता. यावर आमचं अजून एकमत नाही.

वडिलांनी मला पुरतं माफ केलंय असं वाटत नाही. भेटले की नमस्कार करतात, बसत नाहीत.

१२ नोव्हेंबर २०२४ला कार्तिकी झाली. चार दिवसांनी मीनल पुन्हा निघाली. आई वॉकर धरून दारापर्यंत आल्या. रिक्षात पिशव्या चढल्यावर वडील म्हणाले, "थांब," आणि आत गेले. येताना नव्या वर्षाचं कॅलेंडर घेऊन आले. चष्मा कपाळावर सरकवून पानं उलटली, जुलैवर थांबले.

"सहा तारीख आहे आषाढी," म्हणाले. "दहा दिवस उशीर चालायचा नाही."